अनुकंपावाली

मालती पागनीस कधी हसत नव्हती असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. ती हसायची, पण नेहमी कुणाच्या तरी अंगावर. बरोबर बसून हसणं तिला ठाऊक नव्हतं. माळव्यातल्या धारच्या आमच्या जिल्हा कार्यालयात, स्थापना शाखेच्या खोलीत, ती माझ्या टेबलापासून चार हातांवर कितीतरी वर्षं बसली. त्यातली शेवटची पावणेदोन वर्षं आमचं बोलणं बंद होतं. मला ती आवडत नव्हती. आता सगळं होऊन गेल्यावर तरी आवडते का, तर तसंही नाही. पण रिटायर झाल्यापासून ऑफिसातले बाकीचे चेहरे पुसट होत चाललेत आणि हिचा मात्र दिवसेंदिवस जास्तच स्पष्ट दिसतो.

खात्याचं नाव सांगत नाही. नोकरदारांच्या बदल्या, बढत्या, रजा, सेवापुस्तिका यांचे कागद आमच्या खोलीत यायचे एवढं पुरे. मालतीचा नवरा अरविंद पागनीस आमच्याकडे रेकॉर्डकीपर होता. घराणं जुनं, धार संस्थानच्या दरबारात कारकुनी केलेलं. फाइलींच्या गठ्ठ्याला तो अजून ‘रुमाल’ म्हणायचा. आम्ही हसायचो, तोही हसायचा. कुणावर आवाज चढवलेला मी ऐकला नाही. एका दुपारी डबा खाता खाता तो टेबलावर मान टाकून बसला, आणि रिक्षातून हॉस्पिटलात पोचेपर्यंत संपला.

मूल नव्हतं. घरात मालती आणि तिची सासू. नियमाप्रमाणे मालतीने अनुकंपा नियुक्तीचा अर्ज दिला. सरकारी माणूस नोकरीत असताना गेला तर घरातल्या एकाला जागा मिळते, त्याला आमच्याकडे हेच नाव आहे. आदेश निघायला वर्ष लागलं. त्या वर्षात ती कितीदा तरी येऊन बाकावर बसली. आम्ही सगळे तिला ‘भाभीजी, बैठिए’ म्हणायचो, पाणी द्यायचो, हळू आवाजात बोलायचो. फाइल मात्र आपल्या वेगानेच चालायची.

ती रुजू झाली तो दिवस मला लख्ख आठवतो. साहेबांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. चांगला माणूस होता, त्याला चांगलंच बोलायचं होतं. म्हणाला, “पागनीस मैडम पर शासन ने अनुकंपा की है। आप लोग भी इनका ध्यान रखिएगा।”

मालती उभीच होती. साधी साडी, हातात कापडी पिशवी. म्हणाली, “सर, शासन ने अनुकंपा नहीं की। मेरे पति मरे हैं।”

साहेब टेबलावरचा पेन उचलून बघायला लागले. बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, सोळंकी खोकले. पुढे महिनाभर हे वाक्य चहाच्या टपरीवर फिरत होतं आणि त्याबरोबर तिला नावही मिळालं. आमच्याकडे नोकरदारांच्या दोन जाती मानत. परीक्षा देऊन आलेले आणि अनुकंपावाले. अनुकंपावाल्याने मान खाली घालून राहावं, चूक झाली की ‘नया हूँ’ म्हणावं, अशी रीत होती. ही तर पहिल्याच दिवशी साहेबाला उलटून बोलली. ‘अनुकंपावाली’ असं तिला तोंडावर कुणी म्हणत नसे. पाठीमागे सगळेच म्हणत. मीही.

त्याच दुपारी मी तिच्या टेबलाशी गेलो. खोलीत मराठी आम्ही दोघंच, आणि अरविंदबरोबर माझी बरीच वर्षं गेलेली. म्हटलं, “वहिनी, काही लागलं तर संकोच करू नका.”

“ऑफिसात वहिनी म्हणू नका,” ती म्हणाली. “तुमचा भाऊ नव्हता तो.”

मग मी तिला पागनीसबाई म्हणू लागलो. ती मला नुसतं ‘वैद्य’ म्हणायची. सोळंकींना ‘सोलंकी’. वयाने, हुद्द्याने कितीही मोठा असो, आडनावापुढे ‘जी’ नाही. माळव्यात असं बोललं तर लोकांना थोबाडीत बसल्यासारखं होतं. इथे शिपायालासुद्धा ‘भिया’, म्हणजे भैया, म्हणून हाक मारतात. तिचं माहेर देवासचं. वडील महाराष्ट्रातून कारखान्याच्या नोकरीसाठी आलेले, तिचं शिक्षण सगळं हिंदीत. मराठी बोलायची ठीक, पण वाचताना अडखळायची. तिची ही कडू जीभ देवासची की जन्माची, यावर आमच्या खोलीत वाद चालत. अरविंदचं तिच्याशी कसं जमलं असेल, हाही एक विषय होता.

ऑफिसचा चहा ती पीत नसे. डबा खिडकीकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून खायची. वाढदिवसाच्या वर्गणीला, बदलीच्या निरोपाला, कुणाच्या मुलाच्या पेढ्याला तिचा हात पुढे येत नसे. कामाला आलेल्या माणसाला तिने कधी बसायला सांगितलं नाही. “सीधे खड़े रहो. तारीख बताओ. रोओ मत, तारीख बताओ.” हे तिचं रोजचं. लोक तिच्या टेबलापाशी जायला घाबरत. माझ्याकडे रांग असायची. ‘वैद्य बाबू से बात करो, भले आदमी हैं,’ असं सांगून लोक एकमेकांना पाठवत. मला ते ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

रुजू झाल्यावर काही महिन्यांनी एकदा तिने मला विचारलं, “वैद्य, तुमचं मराठी चांगलं आहे. अनुकंपा म्हणजे काय हो?”

“दया,” मी म्हणालो.

“दयेला दया म्हणतात. मग हा वेगळा शब्द कशाला?”

मी काहीतरी सांगितलं, संस्कृत आहे, सरकारला जड शब्द लागतात. तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी डबा खायच्या वेळी ती प्रथमच आमच्याकडे तोंड करून बसली. सोळंकी होते, मी होतो, आणखी दोघं होते. शिपाई मांगीलाल दारात उभा.

“सासऱ्यांचा जुना कोश आहे घरी,” ती मला म्हणाली, आणि मग सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत. “कंप मतलब काँपना। अनु मतलब पीछे, साथ में। दूसरे को काँपता देखकर जो ख़ुद काँप जाए, वो अनुकंपा।”

“वाह,” सोळंकी म्हणाले. “बढ़िया अर्थ है, भाभीजी.”

“वो गिरे तब इस कमरे में पाँच लोग थे,” ती म्हणाली. “कौन काँपा?”

कुणी घास उचलेना. ती एकेकाकडे बघत गेली. माझ्यापाशी येऊन थांबली आणि मराठीत म्हणाली, “मांगीलालने त्यांना उचललं. एकट्याने. तुम्ही कपाटाला कुलूप लावायला थांबला होतात.”

खरं होतं ते. सेवापुस्तिकांचं कपाट उघडं होतं, जबाबदारी माझी होती, आणि माणूस गोंधळला की हाताला सवयीचं काम सुचतं. दोन मिनिटं गेली असतील. डॉक्टरांनी नंतर सांगितलंही की दोन मिनिटांनी काही फरक पडला नसता. हे सगळं मी तिला सांगू शकलो असतो. त्या आठवड्यात एकदा खोलीत आम्ही दोघंच असताना मी तिच्या टेबलाशी गेलो आणि म्हणालो, “त्या दिवशीचं मला माफ करा.”

“नाही,” ती म्हणाली, आणि हातातला कागद पुरा करायला लागली.

रागाने नव्हे. एखादा अर्ज नियमात बसत नसला की सांगतो तसं.

या जागेवर टिकायला तिला संगणकावर टायपिंगची परीक्षा ठरलेल्या मुदतीत पास करायची होती. अनुकंपावाल्यांचा घोडा तिथेच अडतो. सोळंकींनी मोठेपणाने सांगितलं, “हो जाएगा, अपन करवा देंगे, आप टेंशन मत लो.” तिने विचारलं, “कैसे करवा दोगे?” सोळंकी हसले. ती म्हणाली, “जैसे करवाओगे वो लिखकर दे दो.” त्यानंतर सोळंकींनी तिच्या पास-नापासाची चौकशी बंद केली. बाजारातल्या एका क्लासात कॉलेजच्या पोरींबरोबर ती टायपिंग शिकायला जायची. पहिल्यांदा नापास झाली. दुसऱ्यांदाही झाली. खोलीत उघड आनंद होता, तो लपवायचेही कष्ट कुणी घेतले नाहीत. मी तिचे काही कागद माझ्याकडे घेतो म्हणालो, तर ती म्हणाली, “का? मी मेले का?” तिसऱ्यांदा पास झाली. निकालाचा कागद तिने सोळंकींच्या टेबलावर नुसता ठेवला. पेढे नाहीत, काही नाहीत. “सेवापुस्तिकेत चढवा,” म्हणाली, आणि चढवून होईपर्यंत तिथेच उभी राहिली.

एवढ्यावरून कुणाला ती मानी, स्वाभिमानी वगैरे वाटेल. म्हणून रचनाचीही गोष्ट सांगितली पाहिजे. रचना आमच्याकडे वडिलांच्या जागी आलेली मुलगी, कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली. पहिला आठवडाभर ती टेबलाशी बसून रडायची. वडिलांची सही जुन्या फाइलींवर दिसली की रडायची. आम्ही तिला समजवायचो, पाणी द्यायचो, काम कमी द्यायचो. एक दिवस मालती तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. “रोना है तो घर जाओ,” म्हणाली. “यहाँ रोओगी तो ये लोग ज़िंदगी भर पानी ही पिलाएँगे।” आणि टेबलावरच्या सगळ्या जुन्या फाइली, वडिलांच्या सहीच्या, उचलून तिच्यापुढे आदळल्या. “इनकी सूची बनाओ। आज।” मुलीने हुंदके देत यादी केली. चार महिन्यांत बदली करून घेतली आणि गेली. आज ती चांगल्या पदावर आहे. पण पागनीस मैडमचं नाव काढलं की अजून तोंड फिरवते. मी मालतीला एकदा म्हणालो होतो, “पोर होती हो.” ती म्हणाली, “म्हणूनच.” तिला त्या मुलीचं वाईट वाटलं असेल का, मला सांगता येणार नाही. वाटलं असलं तरी आम्हाला दिसू देण्याइतकी ती उदार नव्हती.

आता थावरीबाईचं.

थावरीबाई गंधवानीकडची. तिचा नवरा तिकडच्या एका सरकारी छात्रावासात, म्हणजे मुलांच्या वसतिगृहात, चौकीदार होता. तो तापाने गेला. तिने अर्ज आणला तो माझ्याकडे, कारण तेव्हा अनुकंपेचे अर्ज माझ्या टेबलावर असत आणि शिवाय मी भला माणूस होतो. कागद बघितले. नवऱ्याचं नाव सेवापुस्तिकेत एक, मृत्यूच्या दाखल्यात दुसरं. नुसत्या दोन अक्षरांचा फरक, पण अर्ज आवक रजिस्टरात चढवला असता तर त्याच दिवशी त्यावर आपत्ती, म्हणजे हरकत, लागली असती, फाइल अडकली असती. मी तिला बाकावर बसवलं, चहा मागवला. म्हटलं, “अम्मा, नाम ठीक करवाके लाओ। अर्ज़ी मेरे पास छोड़ दो, फिर मैं चढ़ा दूँगा।” मला खरंच तिचा त्रास वाचवायचा होता. अर्जावर पेन्सिलने ‘बाद में’ असं लिहून मी तो कपाटात ठेवला.

नाव दुरुस्त करायला तिला फार वेळ लागला. मधे ती मजुरीसाठी गुजरातेत गेली. परत आली तेव्हा दुरुस्त दाखला माझ्याकडे देऊन गेली. मी तोही कपाटात ठेवला. नंतर ती वर्षातून दोनतीनदा यायची, आणि मला तिचा चेहरा ओळखीचा वाटायचा, काम आठवायचं नाही. “साहब दौरे पर हैं, अम्मा,” मी म्हणायचो. चहा पाजायचो. ती हात जोडून जायची.

मग खोलीतल्या कामांची फेरवाटणी झाली. अनुकंपेची प्रकरणं मालतीकडे गेली. साहेबाने ती मुद्दाम दिली की योगायोगाने, कोण जाणे. एका सकाळी थावरीबाई येऊन नेहमीसारखी बाकावर बसली. मालतीने बघितलं.

“यहाँ किसलिए बैठी हो?”

थावरीबाई उठून उभी राहिली. “बाबूजी से काम है.”

“क्या काम? इधर आओ।”

ती माझ्याकडे बघत बघत मालतीच्या टेबलाशी गेली. मालतीने तिची प्लास्टिकची पिशवी ओढूनच घेतली आणि कागद टेबलावर पसरले. मग नेहमीची सरबत्ती. अर्ज कधी दिला? मका कापून झाला होता तेव्हा. कुठल्या वर्षी? थावरीबाईला ते सांगता येईना. मालतीचा आवाज चढला. “रोओ मत। घर में बच्चे हैं? उस साल कौन स्कूल में बैठा था?” थावरीबाई म्हणाली, धाकटी त्याच साली शाळेत बसली. “अब कौन सी क्लास में है?” ते थावरीबाईला पाठ होतं. मालतीने बोटांवर वर्षं मोजली, कागदावर लिहिली आणि खाली रेघ ओढली. अर्ज द्यायची मुदत नुकत्याच गेलेल्या उन्हाळ्यात संपून गेली होती. अर्ज मात्र मुदतीच्या बराच आत दिलेला.

मालतीने आवक रजिस्टर काढलं. त्या वर्षाचं पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत बघितलं. थावरीबाईचं नाव नव्हतं.

“रसीद कहाँ है?”

“रसीद?”

“काग़ज़ दिया तो बदले में क्या मिला?”

थावरीबाईने विचार केला. “चाय पिलाई,” ती म्हणाली.

“किसने?”

“बाबूजी ने. भले आदमी हैं.” आणि माझ्याकडे वळून तिने हात जोडले.

मालतीने माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या कागदात डोकं घातलं. थावरीबाईला ती म्हणाली, “जाओ। पंद्रह दिन बाद आना। और इस बेंच पर मत बैठना, सीधे मेरे पास आना।” बाई जवळजवळ पळतच गेली.

त्यानंतर दोन दिवस मालती कपाट काढत होती. एकेक गठ्ठा जमिनीवर उतरवून, पदर खोचून, धुळीत बसून. मी तिला अर्ज कुठे आहे ते सांगितलं नाही. मला आठवत नव्हतं असं मी स्वतःला सांगत होतो. तिसऱ्या दिवशी तिने अर्ज आणून माझ्या टेबलावर ठेवला. पेन्सिलीचे दोन शब्द तसेच होते, माझ्या अक्षरात. शेजारी कोरी नोटशीट ठेवली.

“लिहा,” ती म्हणाली.

“काय लिहू?”

“जे झालं ते. अर्ज मिळाला, मुदतीत मिळाला, कुणाला मिळाला, रजिस्टरात का चढला नाही.”

“बाई, मी तिच्या भल्यासाठीच ठेवला होता. आपत्ती लागली असती.”

“मला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “तुम्ही सगळे भलेच आहात.”

मी नोटशीट बाजूला सारली. म्हणालो, “माझी अडीच वर्षं राहिलीत. सेवापुस्तिका कोरी आहे माझी, एक ताशेरा नाही. आता या वयात... थोडी माणुसकी दाखवा.”

“दाखवतेय. म्हणून कागद आधी तुमच्याकडे आणला. साहेबांची खोली तीन दारं पुढे आहे.”

मी तिला त्या क्षणी काय काय मनात म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही. नवऱ्याच्या मरणावर नोकरी मिळवलेली बाई मला शिकवते, इथपर्यंत मी गेलो. ती तशीच उभी होती, सोळंकींच्या टेबलाशी उभी राहिली होती तशी. मी लिहिलं. तीन ओळींत आटोपलं. तिने वाचलं, म्हणाली, “तारीख.” मी तारीख घातली.

त्या नोटशीटवर थावरीबाईची फाइल उभी राहिली. मला कारणे दाखवा नोटीस आली, आणि माझ्या कोऱ्या सेवापुस्तिकेत एक नोंद चढली. अनुकंपेच्या मुदतीचा प्रश्न वरपर्यंत गेला. मालतीने थावरीबाईला कलेक्टरच्या मंगळवारच्या जनसुनवाईला, लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथे, पाठवलं, तेही दमात घेऊन. “वहाँ सब रोते हैं, तुम मत रोना। यह काग़ज़ ऊपर रखना। हाथ जोड़कर खड़ी मत रहना।” मांगीलाल सांगत होता, बाई तिथे गेली आणि हात जोडून रडली. पण कागद वर ठेवला होता. सात-आठ महिन्यांनी आदेश निघाला. गंधवानीजवळच्याच छात्रावासात भृत्य, म्हणजे शिपाई.

आदेश घ्यायला ती आली तेव्हा सीताफळांची पिशवी घेऊन आली. आमच्याकडची सीताफळं चांगली असतात, मोठी, डोळे उघडलेली. खोलीत शिरली, मालतीच्या टेबलापाशी गेली, भीत भीत अंगठा उठवला, आदेश घेतला. मालतीने तिला चार सूचना दिल्या, त्या चारही ओरडून. मग थावरीबाई पिशवी घेऊन माझ्याकडे आली आणि माझ्या पायाशी ठेवली.

“बाबूजी, आपने कर दिया,” ती म्हणाली. “भगवान भला करे.”

खोलीत सगळे होते. सोळंकी होते, मांगीलाल होता. मालती चार हातांवर होती, तिने ऐकलं. मी तेव्हा बोलू शकलो असतो. ‘मी नाही केलं, या बाईंनी केलं,’ एवढं. ‘माझ्यामुळे अडकलं होतं,’ हेही त्यात बसलं असतं. मी म्हणालो, “अच्छा, अच्छा अम्मा, मन लगाके काम करना.” मालतीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हसली. मी आधी लिहिलं तशीच, अंगावर. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं. कागद मांगीलालच्या हातून इकडून तिकडे जायचे. चार हातांसाठी तो बिचारा दिवसातून दहादा उठायचा.

माझ्या निरोपाला हार होते, भाषणं होती. सगळे म्हणाले, वैद्यसाहेबांसारखा दयाळू माणूस या कार्यालयाने पाहिला नाही. मालती हॉलमध्ये आली नाही. पिशवी घ्यायला मी खोलीत गेलो तर ती टाइप करत बसली होती. मी थोडा थांबलो. तिने मान वर न करता हात पुढे केला.

“किल्ल्या,” म्हणाली.

मी दिल्या.

ती नंतर रिटायर झाली आणि सासूला घेऊन देवासला, माहेरच्या घरात राहायला गेली असं कळलं. थावरीबाईची सीताफळं मात्र मला येत राहिली. दर हंगामात, बसच्या कंडक्टरबरोबर, माझ्या नावाची चिठ्ठी लावून. चिठ्ठी तिची धाकटी लिहायची. बायको कौतुकाने वाटायची सगळ्या गल्लीत, कुणी काम केलं तर माणसं अशी लक्षात ठेवतात म्हणून. गेल्या हंगामात पिशवी आली तेव्हा मला ती उघडवेना. आठवड्याभराने देवासला एका नातलगाकडे जायचं होतं. मांगीलालकडून पत्ता घेतला होता.

देवासच्या देवीच्या टेकडीपासून दूर, कारखान्यांच्या मागच्या वसाहतीत पहिल्या मजल्यावरचं घर. जाळीचं दार. बेल वाजवली तर मालती आली. केस पांढरे झालेले, बाकी तीच.

“काय काम?”

“सहज आलो होतो.”

आतून म्हातारा आवाज आला, “कोण आलंय ग?”

“ऑफिसचे आहेत. तुम्ही जेवा.”

“मग आत या म्हण की त्यांना.”

“नको. त्यांना घाई आहे.” दार तिने उघडलं नाही.

मी जाळीतूनच बोललो. “पागनीसबाई, थावरीबाईच्या अर्जाचं माझ्या मनातून जात नाही. तुमची माफी मागायला आलो.”

“माझी?” ती म्हणाली. “माझा अर्ज होता?”



“ती मला फोन करते,” मालती म्हणाली. “नोकरी लागली तेव्हा नंबर घेतला होता, काही अडलं तर म्हणून. आता दिवाळी आली की करते. दोन मिनिटं बोलते, त्यात एक मिनिट तुमचीच तब्येत विचारते. बाबूजी कैसे हैं. मी सांगते, मला माहीत नाही.”

“तुम्ही तिला कधी...”

“ते मी का सांगू? तुमचं आहे, तुम्ही सांगा. धारहून गंधवानीला बस आहे.”

“जाईन,” मी म्हणालो.

“बरं,” ती म्हणाली, आणि आतलं लाकडी दार लावलं.

खाली येऊन मी कोपऱ्यावर ऑटोची वाट बघत उभा होतो. थोड्या वेळाने ती वरच्या गॅलरीत आली. एका हाताने प्लास्टिकची खुर्ची ओढत होती, दुसऱ्या हाताने सासूला जवळजवळ उचलूनच धरलं होतं. म्हातारी वाळून काडी झालेली. मालतीने तिला उन्हात बसवलं, तोंड पुसलं, आणि मागे उभी राहून तिचे केस विंचरायला लागली. कंगवा जोरात फिरत होता. “मान सरळ ठेवा,” तिचा आवाज खालपर्यंत आला. म्हातारी काहीतरी पुटपुटली. “दुखतंय तर दुखू दे, गुंता काढायचा आहे.” माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. मी तिथे आहे हे तिला ठाऊक होतं असं मला वाटतं, पण नसेलही.

ऑटो आला. इंदूरला गाडी बदलून दुपारी मी धारच्या बसस्टँडवर उतरलो. गंधवानीची बस शेजारीच लागली होती. कंडक्टर दारात उभा राहून गावांची नावं ओरडत होता, खिडकीजवळच्या दोन-तीन जागा रिकाम्या होत्या. मी चहा घेतला. चहा संपेपर्यंत ती उभी होती. मग सुटली, आणि मी घरी आलो.